कपाट घेऊन प्रवास करताना

(आयटी कंपन्यांत काम करणाऱ्या मैत्रिणी, माण-मारुंजी परिसरातल्या बचत गटांच्या बायका आणि पुण्यातल्या कार्यकर्त्या यांच्यासाठी हिंजवडी येथे घेतलेल्या एक दिवसाच्या शिबिरातलं हे भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे. भाषणात आलेल्या बायकांची ओळख पटू नये म्हणून बारकावे बदलले आहेत.)

जेवणानंतरचं भाषण म्हणजे डुलक्यांचं भाषण, त्यात विषय लॅपटॉपचा. सकाळी चहाच्या वेळी बचत गटातल्या एक काकू मला म्हणाल्या, "ताई, माझ्याकडे ना पासपोर्ट, ना लॅपटॉप. मी कशाला बसू?" मी विचारलं, "तुमच्या घरातलं कोणी परदेशात आहे का?" तर म्हणाल्या, "सून आहे ना, लेकाबरोबर अमेरिकेत. रविवारी व्हिडिओवर बोलतो." मी म्हटलं, "मग बसाच. उद्या तिच्यावर वेळ आली तर ती कोणाकडे येईल?" काकू बसल्या आहेत. समोरच आहेत.

हिंजवडीत हा विषय परका नाही. ज्या रानात तुमच्या सासूबाईंनी खुरपणी केली, तिथे आज एमआयडीसीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभं आहे. इथल्या कंपन्यांतून मुलं-मुली 'ऑनसाइट' जातात, त्यांच्या मागे बायका जातात, बाळंतपणाला आया-सासवा जातात. आणि आपण कार्यकर्त्याही जातो, परिषदांना, प्रशिक्षणांना. प्रत्येकीच्या पिशवीत एक लॅपटॉप किंवा निदान फोन असतो. पूर्वी परदेशी जाणारी बाई पेटीत लुगडी आणि लोणचं नेत असे. आज आपण आख्खं घर नेतो. पत्रं, फोटो, बँक, दवाखान्याचे कागद, भांडणं, मैत्रिणीशी केलेली मनातली बोलणी, सगळं त्या एका पेटीत. आणि सरहद्दीवर बसलेला माणूस म्हणतो, पेटी उघडा.

आधी माझीच चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय तुम्हाला शिकवण्याचा मला अधिकार नाही.

माझी चूक

मी एका समुपदेशन केंद्रात काम करते. आमच्याकडे लोखंडी कपाट आहे. बाई बोलायला बसली की आम्ही तिला सांगतो, तुम्ही जे बोलाल ते या कपाटात राहील, किल्ली दोघींकडेच असते. हे वाक्य मी समाजकार्याच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षी शिकले आणि त्यानंतर शेकडो वेळा उच्चारलं आहे.

२०१९ साली मी एका परिषदेला परदेशी गेले. माझा पहिलाच विमानप्रवास. भाषणात काही प्रकरणांचे दाखले द्यायचे होते, म्हणून केंद्राच्या नोंदींचं फोल्डर लॅपटॉपमध्ये होतं तसंच नेलं. त्रेचाळीस बायका. नावं, पत्ते, जखमांचे फोटो, एकीचा एचआयव्हीचा रिपोर्ट, दोघींचे गर्भपाताचे कागद.

तिथल्या विमानतळावर मला रांगेतून बाजूला घेतलं. कशासाठी आलात, कोणी बोलावलं, पैसे कोणाचे, असे प्रश्न झाले. मग लॅपटॉप मागितला, पासवर्ड मागितला. मी दिला. मैत्रिणींनो, मी एक क्षणभरही विचार केला नाही. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं ना, साहेबाने विचारलं की उत्तर द्यायचं. त्या माणसाने माझ्यासमोर फोल्डर उघडलं, एक फोटो मोठा करून पाहिला. भाजलेल्या पाठीचा फोटो होता तो. मग लॅपटॉप घेऊन तो आतल्या खोलीत गेला. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी परत आणून दिला आणि म्हणाला, जा. आत काय पाहिलं, काय उतरवून घेतलं, हे मला आजही माहीत नाही. कळण्याचा मार्गही नव्हता.

परत आल्यावर मी तीन आठवडे गप्प होते. मग सहकाऱ्यांशी बोलले आणि आम्ही ठरवलं की ज्या ज्या बाईपर्यंत पोचता येईल तिला हे सांगायचं. बहुतेकींनी समजून घेतलं. एकजण मात्र म्हणाली, "ताई, तुम्ही कपाटाला कुलूप लावता म्हणून मी बोलले होते." त्यानंतर ती केंद्रात आली नाही. तिचं प्रकरण अर्धवट राहिलं.

मी कपाटाला कुलूप लावलं होतं, हे खरं. पण त्या कपाटाची नक्कल पाठीवर टाकून मी देश ओलांडला होता.

"लपवायचं काय आहे?"

हा प्रश्न आपल्याला नेहमी विचारला जातो. सासरी विचारतात, पोलीस विचारतात, सरहद्दीवर विचारतात. काही लपवायचं नसेल तर दाखवायला काय हरकत? माझं उत्तर साधं आहे. न्हाणीघराला दार असतं. आत काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक असतं, तरी दार असतं. खाजगीपणा म्हणजे गुन्हा लपवणं नव्हे. माझं कोणाला किती दिसावं हे मी ठरवणं, म्हणजे खाजगीपणा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे.

आपल्या चळवळीने घराच्या चार भिंतींआडची मारहाण चव्हाट्यावर आणली. 'हा आमचा खाजगी मामला' म्हणणाऱ्यांशी आपण भांडलो. म्हणून काहीजणींना वाटतं, आपणच आता खाजगीपणाची बाजू कशी घ्यायची? यात विरोध नाही. मारणाऱ्याचा खाजगीपणा त्याच्या मारण्याला संरक्षण देतो, त्याला आपला विरोध होता आणि आहे. मार खाणारीचा खाजगीपणा तिला सुटायला वाट देतो. कोणाचा पडदा आणि कशासाठी, हे पाहायला हवं.

आणखी एक गोष्ट पाहा. आपल्या १९६२ च्या कस्टम्स कायद्यात तरतूद आहे की बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची. चांगली तरतूद आहे. पण त्याच बाईच्या लॅपटॉपमध्ये तिचे बाळंतपणाचे, अंगावर पाजतानाचे फोटो असतील, तर ते चाळणारा कोण असावा याचा विचार झालेला दिसत नाही. लॅपटॉपला कोणी बाईचं अंग समजत नाही. आपण समजायला हवं.

सरहद्दीवरचा कायदा काय म्हणतो

घाबरवण्यासाठी सांगत नाही. प्रमाण लहान आहे. अमेरिकेत २०२४ च्या आर्थिक वर्षात सरहद्दीवर सत्तेचाळीस हजारांहून थोडी जास्त उपकरणं तपासली गेली, म्हणजे साधारण दहा हजार प्रवाशांत एक. पण तो एक आपण असलो तर काय, हे माहीत हवं.

अमेरिकेत घरात किंवा रस्त्यावर पोलिसांना फोन तपासायचा तर सामान्यतः न्यायालयाचं वॉरंट लागतं. त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तसा निकाल दिला. सरहद्दीवर मात्र हा नियम सैल होतो. जानेवारी २०१८ च्या त्यांच्या सूचनांप्रमाणे अधिकारी नुसतं हाताने चाळू शकतो, त्याला कारण लागत नाही. यंत्र जोडून सगळं उतरवून घ्यायचं असेल तर मात्र वाजवी संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेचं कारण लागतं, वरिष्ठांची परवानगी लागते. त्याच सूचनांत आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. जे उपकरणात आहे तेवढंच तपासायचं, इंटरनेटवरून दुसरीकडे साठवलेलं ओढून घ्यायचं नाही, आणि त्यासाठी जोडणी बंद करायची. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

पासवर्ड द्यायला नकार दिला तर? अमेरिकेच्या नागरिकाला देशात यायला अडवता येत नाही, पण त्याचा लॅपटॉप ठेवून घेता येतो. आपण पाहुणे. आपल्याला तिथूनच परत पाठवता येतं. न्यूझीलंडमध्ये २०१८ च्या कायद्याने नकार देणाऱ्याला पाच हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. ब्रिटनमध्ये २००० सालच्या दहशतवादविरोधी कायद्याच्या सातव्या परिशिष्टाखाली कसलाही संशय नसताना विमानतळावर थांबवता येतं, आणि पासवर्ड न देणं हाच गुन्हा ठरतो. मुहम्मद रब्बानी नावाच्या कार्यकर्त्याला २०१६ साली हीथ्रो विमानतळावर थांबवलं. त्यांनी सांगितलं की माझ्याकडे एका पीडिताची गोपनीय माहिती आहे, त्याच्या परवानगीशिवाय मी पासवर्ड देणार नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं.

रब्बानी तत्त्वाला धरून राहिले, मी राहिले नाही. पण या दोन्ही गोष्टींतून मी एकच धडा घेतला. सरहद्दीवर उभं राहून पीडितेची माहिती वाचवता येत नाही. ती घरून निघतानाच वाचवावी लागते, म्हणजे ती बरोबर न्यायचीच नाही.

आता तर विमानतळाच्याही आधी तपासणी सुरू होते. अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात २०१९ पासून समाजमाध्यमांवरची नावं लिहावी लागतात. जून २०२५ मध्ये विद्यार्थ्यांना आपली खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी करायला सांगितलं. १५ डिसेंबर २०२५ पासून हेच एच-१बी आणि एच-४ वाल्यांना लागू झालं. त्या सुमाराला अनेकांच्या मुलाखती पुढे ढकलल्या गेल्या आणि सुट्टीवर आलेली माणसं इथेच अडकली. एच-४ म्हणजे नोकरीवर गेलेल्याच्या कुटुंबाचा व्हिसा, त्यात बहुसंख्य बायका. ज्या बाईने नवऱ्याच्या, दिराच्या किंवा एखाद्या पाठलाग करणाऱ्याच्या त्रासाने आपलं खातं बंद ठेवलं होतं, तिला ते उघडावं लागलं. सरकारला दाखवायचं म्हणून सगळ्या जगाला दाखवायचं. या बाईचा विचार नियम करणाऱ्यांनी केला होता का?

दुसरी सरहद्द घरात

आता काकूंच्या सुनेकडे येते. म्हणजे काकूंच्या नव्हे, दुसऱ्या एका घरातल्या सुनेकडे.

ही मुलगी इंजिनिअर. लग्नाआधी इथेच कंपनीत होती. एच-४ वर गेली, नोकरी सुटली. २०१५ पासून एच-४ वरच्या काही जोडीदारांना तिथे कामाची परवानगी मिळते, पण ती नवऱ्याच्या ग्रीन कार्डच्या अर्जाच्या टप्प्यावर अवलंबून असते. म्हणजे बाईची नोकरीही नवऱ्याच्या कागदावर. लॅपटॉप नवऱ्याने घेऊन दिला, खातं त्यानेच उघडलं, पासवर्ड त्यानेच ठेवला. "तुला कशाला त्रास?" असं म्हणून. फोनवर ती कुठे आहे ते त्याला दिसायचं. मैत्रिणीला लिहिलेल्या मेलमधली वाक्यं तो रात्री जेवताना म्हणून दाखवायचा. हात उगारायला त्याने नंतर सुरुवात केली.

ती परत आली. मारहाणीचे फोटो, त्याच्या धमक्यांचे संदेश, दागिन्यांच्या पावत्या, सगळं त्या लॅपटॉपमध्ये. मुंबईला उतरून तिने लॅपटॉप उघडला तर तो दुरूनच बंद केलेला. खात्यात शिरायचा सांकेतिक क्रमांक येत होता त्याच्या फोनवर. अमेरिकेतल्या अधिकाऱ्याने तिला एक प्रश्नही विचारला नव्हता. तिची सरहद्द विमानतळावर नव्हती, ती नवऱ्याच्या हातात होती.

म्हणून मी म्हणते, आपल्या दृष्टीने खाजगीपणा ओलांडणारे तिघे आहेत. एक सरकारी अधिकारी, दुसरी कंपनी, तिसरा घरातला माणूस. कंपनीचा लॅपटॉप तुमचा नाही. त्यातलं कंपनी पाहू शकते, दुरून पुसू शकते. त्यात माहेरचे फोटो, वकिलाशी केलेला पत्रव्यवहार ठेवू नका. आणि कंपनीच्या कामाला जाताना अधिकाऱ्याने पासवर्ड मागितला तर काय करायचं, हे निघण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या. आपल्या एका मैत्रिणीने घाबरून पासवर्ड दिला आणि परत आल्यावर कंपनीने तिलाच समज दिली. प्रवासासाठी वेगळा, रिकामा लॅपटॉप देणं ही मागणी तुम्ही कंपनीकडे करू शकता.

घरातल्या माणसाबाबत कायदा काय म्हणतो? बाईच्या इंटरनेटवर, मेलवर पाळत ठेवणं हा पाठलागाचा गुन्हा आहे. २०१३ साली हे कलम दंडसंहितेत आलं, आता भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात आहे. दुसऱ्याचा पासवर्ड फसवणुकीने वापरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ क खाली गुन्हा आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मानसिक आणि आर्थिक छळ येतो, आणि बाई जिथे तात्पुरती राहते आहे तिथल्या न्यायालयातही अर्ज करता येतो. पण दुसरी बाजूही सांगते. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नवरा-बायकोने एकमेकांची चोरून केलेली ध्वनिमुद्रणं घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून चालू शकतात. बायकांना याचा उपयोग होईल, कारण मार बंद दाराआड बसतो. पण घरात यंत्रं, पैसा आणि पासवर्ड ज्याच्या हातात, त्याला चोरून ऐकणं सोपं. हे विसरून चालणार नाही.

निघण्याआधी

आता वहीत लिहून घ्या. यातलं काही अवघड नाही. मला जमलं म्हणजे तुम्हालाही जमेल.

एक. जे लागणार नाही ते नेऊ नका. हे सर्वांत मोठं कुलूप. परिषदेला भाषण न्यायचं तर भाषणच न्या, प्रकरणांच्या नोंदी नकोत. शक्य असेल तर रिकामा लॅपटॉप न्या. घरची एक प्रत विश्वासाच्या ठिकाणी ठेवून निघा, म्हणजे लॅपटॉप ठेवून घेतला तरी काम अडणार नाही.

दोन. नुसतं डिलीट केलं म्हणजे गेलं असं नाही. कचऱ्याची टोपली रिकामी केल्यावरही जाणकार माणूस बरंच काही परत काढू शकतो. म्हणून पहिल्यापासून संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे आतला मजकूर पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असा गुंतवून ठेवा. विंडोजमध्ये त्याला बिटलॉकर म्हणतात, अॅपलच्या लॅपटॉपमध्ये फाइलव्हॉल्ट. दोन्ही आतच असतात, चालू करावं लागतं. मात्र बिटलॉकरची जादा किल्ली बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठते. ते खातं नवऱ्याने उघडलेलं असेल तर किल्ली त्याच्याकडे आहे असं समजा.

तीन. विमानतळावर उतरण्याआधी लॅपटॉप आणि फोन पूर्ण बंद करा, नुसता मिटवू नका. चालू किंवा झोपलेल्या लॅपटॉपची किल्ली त्याच्या स्मरणात असते. बोटाचा ठसा आणि चेहऱ्याने उघडणं बंद ठेवा. बोट धरून टेकवता येतं, चेहऱ्यासमोर फोन धरता येतो. मनातला पासवर्ड कोणी असा काढून घेऊ शकत नाही.

चार. मेल, बँक, समाजमाध्यमं यांच्यातून बाहेर पडा, आणि लॅपटॉपने लक्षात ठेवलेले पासवर्ड काढून टाका. मघाशी सांगितलं ते आठवा, तपासणी उपकरणापुरतीच आहे. तुम्ही खातं उघडंच ठेवलंत तर मात्र दाराला कडी न लावल्यासारखं होतं.

पाच. दोन जवळची माणसं आणि एक वकील, यांचे फोननंबर कागदावर लिहून ठेवा. फोन काढून घेतल्यावर आईचा नंबरही आठवत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

सहा. अधिकाऱ्याशी खोटं बोलू नका. अमेरिकेत तो स्वतंत्र गुन्हा आहे. विचारल्यानंतर काही पुसायला जाऊ नका. विचारा: हे पाहणं मला बंधनकारक आहे का? नकार दिला तर काय होईल? उपकरण ठेवून घेतलं तर पावती मागा, अधिकाऱ्याचं नाव किंवा बिल्ल्याचा क्रमांक लिहून घ्या. पासवर्ड द्यावाच लागला तर शक्यतो आपल्या हाताने टाका. बाहेर पडल्यावर दुसऱ्या उपकरणावरून सगळे पासवर्ड बदला.

सात, आणि हे छळाच्या घरातून निघणाऱ्या बाईसाठी. घाईने सगळे पासवर्ड बदलू नका. पाळत ठेवणाऱ्याला लगेच कळतं, आणि बाई निघायच्या बेतात आहे हे कळल्यावरचे दिवस सर्वांत धोक्याचे असतात. आधी त्याचा हात न लागलेल्या यंत्रावर नवं मेलखातं उघडा. अमेरिकेत बहुतेक गावांतल्या सार्वजनिक ग्रंथालयांत फुकट संगणक मिळतो, मैत्रिणीचा फोनही चालेल. पुरावे तिथे पाठवा, एक प्रत माहेरी किंवा संघटनेकडे पाठवा. पासपोर्ट, व्हिसा, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले यांची छायाचित्रं त्यातच ठेवा. पासपोर्ट नवऱ्याने दडवला असेल तर लक्षात ठेवा, तो भारत सरकारच्या मालकीचा आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की तो अडकवून ठेवण्याचा अधिकार पासपोर्ट अधिकाऱ्यालाच आहे, पोलिसांनाही नाही. मग नवऱ्याला कुठून असणार? भारतीय दूतावास परतीच्या प्रवासापुरता तातडीचा दाखला देऊ शकतो. मूल बरोबर असेल तर मात्र तिथल्या वकिलाला विचारल्याशिवाय विमानात बसू नका. मुलं पळवण्याबाबतच्या १९८० च्या हेग करारावर भारताने सही केलेली नाही, पण तिथलं न्यायालय आईवर आदेश काढू शकतं. परदेशी स्थायिक नवऱ्यांविरुद्धच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून वेगळा कक्ष आहे.

आपल्या संघटनांसाठी

शेवटी कार्यकर्त्यांशी बोलते. सरहद्द म्हणजे परदेशच असं नाही. ११ जानेवारी २०१५ रोजी प्रिया पिल्ले यांना दिल्ली विमानतळावर विमानात बसू दिलं नाही. त्या महानच्या कोळसा खाणीविरुद्धच्या लढ्याबद्दल ब्रिटिश खासदारांशी बोलायला निघाल्या होत्या. मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली.

आणि आपलं पुणं. भीमा कोरेगाव प्रकरणात पुणे पोलिसांनी २०१८ साली कार्यकर्त्यांच्या घरांतून संगणक, पेन ड्राइव्ह उचलले. नागपूरच्या प्राध्यापिका शोमा सेन यांना त्या वर्षी जूनमध्ये अटक झाली. त्यांना सर्वोच्च न्यायालयातून जामीन मिळाला एप्रिल २०२४ मध्ये. रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने तपासली. तो अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आला. बाहेरच्या कोणीतरी बावीस महिने त्या लॅपटॉपमध्ये शिरकाव करून कागद आत ठेवले, असं त्यात म्हटलं आहे. तपास यंत्रणेने ते मान्य केलेलं नाही. निकाल न्यायालय देईल. पण आपल्यापुरता धडा स्पष्ट आहे. लॅपटॉपमधून माहिती बाहेर जाते, तशी बाहेरून आतही ठेवता येते. म्हणून अनोळखी मेलची जोडपत्रं उघडू नका. आणि जप्ती झालीच तर पंचनाम्यात उपकरणाचा हॅश, म्हणजे आतल्या मजकुराचा ठसा, लिहून घ्यायला सांगा. एक अक्षर बदललं तरी तो ठसा बदलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांत जप्तीचं चित्रीकरण करण्याची तरतूद आहे आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रात हॅश द्यावा लागतो. ते मागणं हा आगाऊपणा नाही.

आमच्या केंद्रात आम्ही आता काही नियम केले आहेत. नोंदींत नावाऐवजी क्रमांक लिहितो. नावांची वही वेगळी, कागदावर, आणि ती कपाटातच. कोणाचाही लॅपटॉप प्रवासाला निघण्याआधी दुसरी कार्यकर्ती तपासते. जखमांचे फोटो कोणाच्या फोनमध्ये राहत नाहीत. आणि बाईला आम्ही खरं सांगतो: तुमची माहिती कुठे ठेवतो, कोण पाहतं, आणि काही गडबड झाली तर तुम्हाला कळवू. लैंगिक अत्याचारात पीडितेचं नाव उघड करणं गुन्हा आहेच. पण गुन्हा नसला तरी शब्द दिलेला असतो.

तुम्ही सगळ्यांनी आज घरी जाण्याआधी एवढंच करावं. कंपनीतल्या मैत्रिणींनी प्रवासाच्या लॅपटॉपबद्दल कंपनीला लेखी विचारावं. बचत गटातल्या बायकांनी परदेशातल्या लेकी-सुनांना रविवारच्या फोनवर, नवरा खोलीत नसताना, एक प्रश्न विचारावा: तुझा पासवर्ड तुझ्याशिवाय कोणाला माहीत आहे का? आणि कार्यकर्त्यांनी आपापल्या कपाटाची किल्ली खरंच कोणाकोणाकडे आहे ते तपासावं.

ती बाई, जी परत आली नाही, तिला मी अजून दर वर्षी एक पत्र पाठवते. दार उघडं आहे, एवढंच लिहिते. बाकी काही लिहीत नाही. पत्र कोणाच्या हाती पडेल, सांगता येत नाही.

मघाच्या काकू आता हात वर करताहेत. त्यांचा प्रश्न आधी घेऊ या.